मबरूकचा उपास

मबरूकच्या पोटावर गेल्या वर्षी दोनशे एकतीस आडवे खवले होते. या वर्षी दोनशे अठ्ठावीस भरले.

प्राण्यांची डॉक्टर असलेल्या शाहिनाजने पुन्हा मोजले. दोनशे अठ्ठावीसच. हे खवले सापाच्या जन्मावेळी जितके असतात, तितकेच मरेपर्यंत राहतात. वयाने वाढत नाहीत, उपासाने घटत नाहीत. कोणी सांगितलेले नसताना प्रत्येक सापाचे खवले मोजून ठेवण्याची तिची सवय होती. तिने नवा आकडा वहीत लिहिला आणि साप पेटीत सोडला.

मबरूकने सात आठवडे कशालाही तोंड लावले नव्हते. त्यासाठीच तिला कैरोहून फय्यूमला बोलावले होते.

समोरच्या बाकावर मबरूकचे मालक, हज करून आलेले हाग्ग बयूमी काठीवर हनुवटी टेकून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या आणि पेटीच्या मध्ये त्यांची मुलगी राविया पहाऱ्यासारखी उभी होती.

"रुसलाय," हाग्ग म्हणाले. "रुसतो अधूनमधून. भूकंपाच्या वर्षी रुसला होता. ही शाळेत जायला लागली तेव्हा, आणि मग हिच्या लग्नाच्या वर्षी."

"बाबा, तुम्ही उठू नका. आणि पेटीला हात तर मुळीच लावू नका."

"बघ पोरी," हाग्ग डॉक्टरला म्हणाले, "इस्पितळातून सुटलो आणि हिच्या तुरुंगात पडलो."

शाहिनाजने स्वयंपाकघरात जाऊन खवल्यांचा फरक सांगितला, तेव्हा मुलूखियाच्या भाजीची पाने बारीक चिरता चिरता रावियाने सगळे कबूल केले. जानेवारीत हाग्ग आठ दिवस इस्पितळात होते. त्या गडबडीत पेटीखालची गरम गादी बंद पडली, ती कोणाच्या ध्यानात आली नाही, आणि मबरूक थंडीने गेला. तिने गारुड्याच्या वाडीवरून तसाच एक साप आणून पेटीत ठेवला. बाबांना नीट दिसत नाही, हीच त्यात सोय होती.

"पण सांगून टाकायला काय हरकत आहे?" डॉक्टरने विचारले.

रावियाची सुरी थांबली. तरुणपणी हाग्गच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा साप वश करणाऱ्या रिफाई सूफी पंथाच्या एका शेखने त्यांच्या मांडीवर साप ठेवून सांगितले होते, हा जगेल तोवर तू जगशील. त्याला अडतीस वर्षे झाली. रावियाची आई रोज सकाळी आधी पेटीत डोकावायची आणि मगच चुलीकडे वळायची.

"साप जेवत नाही म्हटल्यापासून बाबाही अर्धीच भाकरी खातात," राविया म्हणाली. "हा मेला तर बाबा आठवडाभरही टिकणार नाहीत, डॉक्टरबाई."

शाहिनाजच्या मते हाग्गना जगवले होते ते गोळ्यांनी. अडतीस वर्षांचे वयही तिला पटले नव्हते. या जातीचा साप इतका जगल्याची नोंद तिच्या वाचनात नव्हती. गेल्या वर्षी तिने 'मालकाच्या सांगण्यानुसार' असे लिहून तो प्रश्न बाजूला ठेवला होता. खोटे बोलणार नाही, मात्र विचारल्याशिवाय सांगणारही नाही, एवढे तिने कबूल केले. उरला साप. सापाने खाणे ही ऊब, अंधार आणि भक्ष्य यांची बाब असते. तिच्या हातचा एकही साप आजवर उपाशी मेला नव्हता.

तिने पेटी एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने थंड राहील अशी व्यवस्था केली. लपायला मडके ठेवले, काचेला कापड लावले. पांढरा उंदीर दिला, मग करडा. जिवंत दिला, मारून दिला, कोमट करून दिला. तीन आठवडे ती दर मंगळवारी येत राहिली. साप उंदराकडे दगडाकडे पाहावे तसा पाही आणि मडक्यात शिरे. वजन पंचाऐंशी ग्रॅमने उतरले. रावियाचे त्याहून अधिक उतरले असावे.

चौथ्या मंगळवारी हाग्गनी अचानक छातीच्या गोळ्या संपल्याची तक्रार केली आणि रावियाला औषधाच्या दुकानात पिटाळले. दार लागताच त्यांनी झग्याच्या खिशातून एक पुडी काढली. पुडीत भिंतीवरची मेलेली पाल होती.

"ही उंदरावर घास. चांगली नाकापासून शेपटीपर्यंत."

शाहिनाजने त्यांच्याकडे पाहिले. मग पाल घासून उंदीर चिमट्याने आत धरला. सापाची जीभ दोनदा लवलवली. तिसऱ्यांदा बाहेर येण्याआधीच उंदीर त्याच्या वेटोळ्यात होता.

"वाळवंटातला नवा गडी आहे," हाग्ग म्हणाले. "आजवर पाली नि सरडे खात आला. उंदीर खायची वस्तू आहे, हेच त्याला ठाऊक नाही."

तिने वहीत लिहिले: न खाण्याचे कारण, नुकता धरलेला साप, उंदराची ओळख नाही.

"नवा आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"इस्पितळातून आलो त्याच दिवशी. हातावर घेतला की कळतं, त्याला डोळे कशाला लागतात? लगेच रावियाने पेटी बंद केली. तेव्हापासून मला एकटं सोडलं तर शपथ. तिच्यासमोर पाल कशी काढणार?"

"आणि अर्धी भाकरी?"

"दाढ हलतेय माझी."

शाहिनाजने वही मिटली. "मग रावियाला सांगून का टाकत नाही? उगीच धास्ती घेऊन बसलीय."

"छे. मबरूक मेला असं मी म्हटलं, तर रोज उठून माझी नाडी बघत बसेल." बाहेर जिन्यावर पावले वाजली. हाग्गनी पालीची पुडी घाईने खिशात टाकली आणि आवाज खाली आणला. "तिची आईसुद्धा अशीच घाबरायची. म्हणून तर हा पाचवा."