दुपारच्या आधी

दुपारपर्यंत मौन पाळायचं, हा वहिनीचा रोजचा नेम. दिराला हे ठाऊक होतं, म्हणूनच बिल्डरच्या माणसाला घेऊन तो सकाळीच आला. इमारत रिकामी झाली होती. उरलं ते वहिनीचं घर आणि तिचं शिलाई मशीन. लांब गेलेली गिऱ्हाइकंही कपडे शिवून घ्यायला तिच्याकडेच येत. “घर सोडायला वहिनींची ना नाही,” दीर म्हणाला. वहिनीने नकारार्थी मान हलवली. “बघा, मानही डोलावली. कबूल नसतं तर बोलल्या असत्या.” बिल्डरच्या माणसाने खूण केली आणि हमालांनी मशीन उचललं. मशीनमधून वहिनीच्या हातातल्या कापडापर्यंत आलेला दोरा तटकन तुटला. ती नेहमीच्याच हळू आवाजात बोलली, “भाऊजी, नेम मोडल्याबद्दल देवाची माफी मी मागून घेईन. तुम्ही आधी मशीन खाली ठेवायला सांगा. आणि जाताना दार उघडंच राहू द्या, माझी गिऱ्हाइकं यायची वेळ झाली.”