हत्तीचे कान, बदकाचे पाय

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या लेकीने कागदावर जोरजोरात हात फिरवला. तिचा आणि बाबाचा हा जुना खेळ: एकाने न बघता गिरगटायचं, दुसऱ्याने त्यातून प्राणी शोधायचा. बाबाने मुलांसाठी काढलेल्या चित्रपुस्तकांतले सगळे प्राणी असेच जन्मले होते.

"काय निघालं?"

कागद कोरा होता. स्केचपेनाचं टोपण काढायचं ती विसरली असावी.

"अगं, हत्तीचे कान, बदकाचे पाय! आणि ढेरी थेट आजोबांची."

"पळतोय?"

"धापा टाकत."

ती हसली नाही. पेन तिने त्याच्यापुढे धरलं. "टोपण मी मुद्दाम ठेवलं होतं, बाबा."

त्याने पेन तिच्या हातातून घेतलं.

"पट्टी काढली की दिसायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले म्हणालास. तेही असंच का रे?"