पिवळी टिकली

"नंबर इकतालीस, मोना!" इरावतीने नाव पुकारलं आणि कार्ड उंच धरलं.

आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर साठ-सत्तर बायका बसल्या होत्या. त्यांच्या नजरा आधी कार्डाकडे गेल्या, मग मोनाकडे. कार्डाच्या दर्शनी बाजूला पिवळी टिकली होती.

टिकल्यांची कल्पना इरावतीची. सिकलसेलच्या तपासणीत ज्यांच्या रक्तात काही निघालं नाही त्यांच्या कार्डावर हिरवी, जे वाहक निघाले त्यांच्या कार्डावर पिवळी. दोन पाकिटं तिने राजगढच्या हाटातून आणली होती. सकाळी सरलाताई म्हणाल्या होत्या, "टिकली आतल्या बाजूला लाव नं, इरावती."

"मग शोधायला टाइम लागेल, ताई. एकशे बारा कार्डं आहेत."

सरलाताई अठ्ठावीस वर्षं नर्स होत्या. इरावती चार महिन्यांपूर्वी त्यांच्यावर अधिकारी म्हणून आली होती. त्यांनी टिकल्यांची पाकिटं तिच्याकडे सरकवली. आता त्या मोबाइल घेऊन फोटो काढत होत्या. देवासच्या नेतृत्व शिबिरात इरावतीला सांगितलं होतं, बदल लोकांसमोर घडवा आणि महिन्याभरात त्याचा एक फोटो ग्रुपवर पाठवा. उद्या महिना संपत होता.

"मोना, तुम रुकना. अंदर बात करनी है," इरावती म्हणाली.

"पीली वाली को अंदर चाय मिलेगी क्या, मैडम?" मागून कुणीतरी विचारलं. बायका हसल्या.

पुढच्या रांगेतली सुरतीबाई हसली नाही. "हरी वाली घर जाए, पीली वाली रुके. चार को रोक लिया, ये पाँचवीं. क्या निकल्यो इनमें?"

प्रश्न नेमका होता. इरावतीला नेमके प्रश्न आवडत. कॉलेजात असा प्रश्न आला की ती सर्वांत आधी हात वर करायची.

"बीमारी नहीं है, माँजी. मोना सिर्फ वाहक है. इसको खुद कुछ नहीं होगा."

"मतलब, कुछ तो है."

"नहीं, वो तो अगर दूल्हा भी वाहक हो, तभी बच्चे को बीमारी होने का डर, चार में से एक बार..."

सरलाताईंनी मोबाइल खाली घेतला आणि इरावतीच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, गप्प! मोनाची होणारी सासू आहे ती. आखातीजेच्या मुहूर्तावर लग्न आहे."

सुरतीबाई उठून उभी राहिली. तिला आवाज चढवावा लागला नाही.

"सुन लिया सबने? म्हारा गणपत का घर में असो खून नी चाले."

मोनाची आई मागच्या रांगेत होती. तिने पदर तोंडावर ओढला. मोना टेबलापाशी उभीच होती. कार्ड तिच्या हातात होतं आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. पंजाबी ड्रेसला खिसा नव्हता.

"और गणपत का कार्ड म्हने दे दो," सुरतीबाई म्हणाली. "वो पीथमपुर में ड्यूटी पे है. बयालीस नंबर. जाँच वाले दिन इसी के पीछे लाइन में खड़ा था. उसका हरा ही होगा. दिखा दो सबको."

इरावतीने गठ्ठ्यातलं पुढचं कार्ड उचललं. बेचाळीस, गणपत. पिवळी टिकली.

ती तिनेच लावली होती. सगळे क्रमांक तिने दोनदा पडताळले होते. कोण कोणाचं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता फक्त हात वर करायचा होता, एक्केचाळीस वेळा केला तसा. सुरतीबाईचं तोंड बंद झालं असतं. मोनाची मान वर झाली असती. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. इरावतीचा हात टेबलापासून थोडा उचललाही गेला.

मग तिच्या लक्षात आलं की तो मोनासाठी उचलला जात नाहीये. ओट्यावरच्या सगळ्या नजरा आता तिच्यावर होत्या, आणि त्या दुसऱ्या कुणावर तरी जाव्यात एवढंच तिला हवं होतं. तिचे कान तापले. हात तिथेच थांबला. वर जाईना, खालीही येईना.

"क्यों, मैडम? मिल नी रियो?" सुरतीबाईने विचारलं.

मोनाने वाकून पाहिलं. ती बारावी झाली होती. तिने आधी नाव वाचलं, मग टिकली पाहिली. इरावतीला वाटलं, आता ही बोलेल. मोठ्याने बोलेल, आणि तिला तो हक्क आहे.

मोनाने कार्डावर तळहात ठेवला आणि इरावतीच्या हातासकट ते टेबलावर दाबलं.

"ये अभी मत देना, दीदी," ती फक्त टेबलापुरत्या आवाजात म्हणाली. "गणपत के हाथ में देना. अकेले में."

"हो," इरावती म्हणाली. हिंदीत उत्तर द्यायचं तिला सुचलं नाही.

मोनाने हात काढून घेतला. स्वतःचं कार्ड, टिकली बाहेरच्या बाजूला तशीच ठेवून, ती सगळ्या बायकांमधून चालत गेली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. तिला तिथेच थांबायला सांगितलं होतं.