करपायच्या आधी

"तोंडाने श्वास घ्या, काका. नाकाची काळजी आता माझी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी गिरणीवाल्याच्या दोन्ही नाकपुड्यांत औषधात भिजवलेल्या कापसाच्या वाती सारल्या.

गिरणीवाल्याला हसू आलं. तोंडाने श्वास घेणं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. नाक होतं, नाही असं नाही. चेहऱ्याच्या मधोमध चांगलं ऐसपैस होतं, पण ते चष्मा टेकवण्यापुरतं. रात्री तो घोरू लागला की शेजाऱ्याच्या फळीवरची भांडी जागा बदलत, आणि दिवसा शिंकला की गिरणीत पिठाचा असा ढग उठे, की जोडीने आलेली गिऱ्हाइकं भलत्याच माणसाचा हात धरून घरी जात.

तिथवर गंमतच होती. पण दोन दगड एकमेकांना फार घासले की दळण करपतं. करपल्यावर काय, गल्लीतल्या कुत्र्यालाही वास येतो. गिरणीवाल्याला तो करपायच्या आधी यावा लागतो. ह्याला आता नंतरही येईना. गिऱ्हाइकं कडू पिठाच्या पिशव्या उंबऱ्यावर उलट्या करून नाक्यावरच्या नव्या गिरणीकडे वळली होती. आज तर गिरणीचा पट्टा फिरलाच नव्हता.

बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी आवळून बसली होती. सकाळी तिनेच त्याला भांड्यासारखा घासला होता. भुवया, नखं, कानांच्या घड्या, काही सोडलं नव्हतं. कारण आधीच्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं, "पिठात उभं राहणाऱ्याच्या नाकात मी लेझर मारत नाही. मी वाट मोकळी करायची आणि तुम्ही ती बुजवायची, हा कसला धंदा?" म्हणून इथे दोघांनी भांड्यांचं दुकान आहे असं ठोकून दिलं होतं.

"भांड्यांच्या दुकानात धूळ कमी असते, ते एक बरं," वाती काढता काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कमी कसली, नसतेच!" बायको घाईने म्हणाली. "आम्ही रोज पुसतो. एकेक चमचा. झारेसुद्धा. भोकाभोकातून."

गिरणीवाल्याने डोळे मिटले. खोटं बोलावं तर चिमूटभर; ही बाई मापटंभर बोलत होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, स्वतःही चढवला. लेझरची केसाएवढी तार उजव्या नाकपुडीत सरकवली आणि पाय पेडलवर ठेवला.

"जरा चरचरेल. जळका वासही येईल, घाबरायचं नाही."

"वास? मला?" तो म्हणाला. "तुमच्या तोंडात साखर पडो."

यंत्र बारीक गुणगुणू लागलं. आधी काहीच नाही. मग कुठून तरी लांबून, बंद दाराच्या फटीतून यावं तसं काहीतरी आलं. ऊन. कोरडं. कडवट व्हायच्या बेतात असलेलं. गिरणीवाला खुर्ची विसरला, चष्मा विसरला, भांड्यांचं दुकान तर केव्हाच विसरला.

"अगं, करपतंय! बंद कर!"

गिरणीत ह्या हाकेचा एकच अर्थ होता आणि ती ऐकल्यावर विचार करायची बायकोला सवय नव्हती. मांडीवरची पिशवी धाडकन खाली पडली, तिने झेप घेतली आणि भिंतीवरचं बटण थोबाडीत मारावं तसं फटकन बंद केलं. यंत्र सुस्कारा टाकून गप्प झालं, त्याचा हिरवा दिवा विझला.

डॉक्टरीणबाईंनी तार हळूच बाहेर काढली. चष्मा कपाळावर सरकवला. बटणावर हात ठेवून उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, मग गिरणीवाल्याच्या कानाकडे वाकून पाहिलं. एका घडीत पांढरी रेघ राहिली होती.

"काकू," त्या म्हणाल्या, "भांडी करपतात का हो?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"गिरणी आहे," गिरणीवाला म्हणाला. "पिठाची."

"मग दुसरी बाजू मी करणार नाही. त्या धुळीत हे परत सुजणार, तुम्ही परत कुठेतरी जाणार, परत जाळून घेणार. एक दिवस आत नुसत्या खपल्या उरतील, काका. मग जन्मात वास येणार नाही. धंदा बदला."

"ह्या वयात धंदा काय बदलू, बाई? साधं नाक बदलता येईना." बोलता बोलता त्याच्या चष्म्याखालून पाणी आलं, गालावरून कानाच्या त्या रेघेपर्यंत गेलं. "पण वास आला. खरंच आला."

"तो तुमचाच होता. तुमचंच मांस जळत होतं."

"कुणाचं का असेना," तो म्हणाला. "करपायच्या आधी कळलं मला."

त्याने मान आणखी मागे टाकली, तोंड उघडलं आणि डावी नाकपुडी दिव्याकडे केली.

डॉक्टरीणबाई हलल्या नाहीत. तार त्यांच्या हातात तशीच होती, पाय पेडलच्या बाजूला. "काकू, तुम्ही तरी सांगा ह्यांना," त्या म्हणाल्या.

बायकोचा हात अजून भिंतीवरच होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, डॉक्टरीणबाईंकडेही नाही. जमिनीवर पडलेल्या पिशवीकडे पाहत राहिली.

मग तिच्या हाताखाली खट् असा आवाज झाला आणि यंत्राचा हिरवा दिवा लागला.