फ्लॉपीनानांची चिठ्ठी

चौथी चिठ्ठीही तिने चुरगळून टाकली. नवऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जे धड वाचता येत नाही त्याची नक्कल तरी कशी करायची?

टेबलावर त्याचा लाडका संगणक चालू होता. वय पस्तीस वर्षं, अंग पिवळं पडलेलं, पडद्यावर हिरवी अक्षरं. असली यंत्रं जपणाऱ्या मंडळींचा इंटरनेटवर एक गट होता आणि त्यात नवरा 'फ्लॉपीनाना' या नावाने बारा वर्षं नांदत होता. गटाचे नियम एखाद्या खाष्ट सासूने लिहावेत तसे. वर्षातून एकदा प्रत्येकाने आपलं यंत्र चालू करून त्याचा फोटो टाकायचा, शेजारी गटातलं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिलेली हवी. एक नाव, एक माणूस. आपलं नाव बायकोला, मुलांना, मित्राला वापरू दिलं की कायमची हकालपट्टी. शिवाय नियम क्रमांक चार होता: कुणाचं खरं नाव, घर, घरची माणसं विचारायची नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. उरल्या दोन भुवया आणि डाव्या हाताचं एक बोट. रोज दुपारी तीनला ती खाटेपाशी बसून त्याला गटातला मजकूर वाचून दाखवी, मोबाइलवर उत्तर लिही आणि त्याची भुवई वर गेली की पाठवून देई. गटाची राखण करणारा 'चौकीदार' नानांशी रोज वाद घाली. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक औषध लावून पांढरं करावं की तसंच ठेवावं, यावर दोघांचं पाच वर्षं जुंपलं होतं. चौकीदाराचा मजकूर सुरू झाला की नवऱ्याचं बोट चादरीवर टकटक करू लागे. बाकी दिवसभर तो छताकडे बघत पडून असे. हे तीन वाजणं गेलं तर माणूस हातचा जाईल, ही भीती तिच्या पोटात कायमची बसली होती.

"खरं सांगून टाक की त्यांना," नणंद म्हणाली. ती भावाला बघायला आली होती. "आजारी माणसाला कोण बाहेर काढेल?"

"हा चौकीदार काढेल. मागच्या महिन्यात एकाच्या जागी त्याचा मेहुणा लिहीत होता. तासाभरात दोघांना रस्ता दाखवला."

"मेला भलताच शिस्तीचा दिसतोय."

"ह्यांना तेच आवडतं. भांडायला तोडीचा माणूस मिळाला म्हणून खूश असतात."

नणंदेने भावाच्या अंगावरची चादर सारखी केली. "आणि लेकाचं काय? त्याला कळवलंस?"

"फोन लागत नाही. पत्र परत आलं. तो घर सोडून गेला तेव्हा तुमच्या भावाने तरी कमी तोंड टाकलं होतं का त्याच्यावर? जाऊ द्या ते. आधी ही चिठ्ठी."

पाचवी चिठ्ठी बरी उतरली. अक्षर मुद्दाम तिरकं काढलं, वेलांट्या मोडल्या. तारीख मात्र घाईत लिहिली, कारण यंत्रातून उन्हाने तापलेल्या धुळीसारखा वास यायला लागला होता. तिने फोटो काढला, पाठवला आणि यंत्र बंद केलं.

दहा मिनिटांत चौकीदाराचं उत्तर आलं. सगळ्यांसमोर नाही, खासगीत.

"फोटो मिळाला. मोठा करून पाहतो आहे."

एरवी तो फोटोखाली 'ठीक' एवढंच लिही.

"आपल्या जुन्या चिठ्ठ्या काढून शेजारी ठेवल्या आहेत," पुढचा मजकूर आला. "ही चिठ्ठी आपणच लिहिली का?"

"हो," तिने लिहिलं. मग वाटलं, नुसतं 'हो' फारच तुटक झालं. "हात जरा दुखतो आहे, म्हणून अक्षर वेगळं वाटत असेल."

"अक्षराचं सोडा. तारखेखाली दोन रेघा का मारल्या?"

तिने फोटो उघडला. खरंच, आकड्यांखाली दोन ठसठशीत रेघा होत्या. तीस वर्षं तिने घरी शिवणकाम केलं होतं. गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी कापडाला टाचायची आणि माप चुकू नये म्हणून आकड्याखाली दोन रेघा मारायच्या, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. आता काय कपाळ सांगणार?

"काय झालं गं?" नणंदेने विचारलं.

"पकडलं त्याने."

तीन वाजून गेले होते. नवऱ्याचं बोट चादरीवर उगाच हलत होतं. रोजची वेळ त्याला नेमकी कळे. तिला रडू आवरेना. तिने डोळे पदराने पुसले आणि लिहायला घेतलं: 'साहेब, नियम मी मोडला, ह्यांनी नाही. गटातून काढायचं तर काढा, पण रोज तीनला दोन ओळी तरी लिहीत जा. तुम्ही नाही लिहिलंत तर...'

पुढचा शब्द सुचेना. तेवढ्यात त्याचाच मजकूर येऊन पडला.

"नियम चार आज मीच मोडतो. आई, बाबांना काय झालंय?"