बेण्याचे गड्डे

हळद शिजवायच्या कुकरचं झाकण उघडं होतं आणि गड्ड्यांची पाटी उचललेला ज्ञानू चेअरमन लालासाहेबांच्या तोंडाकडं बघत थांबला होता. "तात्या, टाकू का?"

लालासाहेबांनी काय सांगावं, डोंबल! कालच्या सभेत हात वर झाले होते, झाडून सगळ्यांचे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण यंदाचा परमेश्वर सांगलीच्या बाजारातला हळदीचा चढलेला भाव बघून बोलला होता. विकायची हळद तर गेलीच होती. आता पुढच्या लावणीसाठी पाल्याखाली झाकून ठेवलेलं बेणंही शिजवा, वाळवा आणि विका.

साधंसुधं बेणं नव्हतं ते. सहा वर्षांपूर्वी अख्ख्या शिवारातली हळद कुजली, तेव्हा एका कोपऱ्यात चार झाडं तगली. त्यांचे गड्डे दरसाल निवडून, पुन्हा लावून लालासाहेबांनी पाटीचं पोतं आणि पोत्याचा हा ढीग केला होता. येत्या मे महिन्यात तो पहिल्यांदाच शेतकरी कंपनीच्या प्रत्येक सभासदाच्या रानात जाणार होता. शिजलेला गड्डा उगवत नाही, हे हळद पिकवणाऱ्याला काय सांगायचं?

"राजवर्धन, निम्मं तरी ठेव रं," ते पुतण्याला म्हणाले. सांगलीला विश्रामबागेत कॉलेज करून आलेला तो आता कंपनीचा मॅनेजर होता. "दोन महिन्यांनी लावणार काय?"

"आवं तात्या, बेणं काय, ओढ्यापल्याडच्या कंपनीकडनं घेऊ. आसा भाव परत न्हाई गावायचा."

"त्यांनीबी शिजवलं तर?"

"सगळेच काय येडे हायत व्हय?"

लोक हसले. लालासाहेबही ओशाळून हसले, आणि तिथंच त्यांचं बळ सरलं.

ज्ञानूनं पाटी रिकामी केली. मग दुसरी. मग कुणी विचारायचंच सोडलं. वाफ सुटली आणि उकळत्या हळदीचा वास वस्तीभर झाला. ढिगाकडं पाठ करून लालासाहेब बांधावर बसले. रडू येत होतं. पण साठी उलटलेल्या माणसानं हळदीपायी रडावं, तर लोक काय म्हणतील!

तेवढ्यात फोन वाजला. ओढ्यापल्याडच्या कंपनीचे चेअरमन, उदयसिंह.

"रामराम लालासाहेब! मे महिन्यात बेणं लागंल आमाला. ट्रकभर तरी द्या. भाव तुमी म्हणाल त्यो."

लालासाहेबांनी मागं वळून कुकरच्या वाफेकडं बघितलं. "आणि तुमचं?"

"शिजवलं की सगळं, परवाच!" उदयसिंह मोकळेपणानं हसले. "आमची मंडळी लय भीत हुती. मी म्हणलं, बिनघोर शिजवा. पल्याड लालासाहेब हायती. त्यो माणूस बेण्याला हात लावू द्यायचा न्हाई."