वाकडं बोट

"तो डावा हात वापरत नाहीये," तनू म्हणाली.

"कोण?"

"तुझा कुरोसे, अजून कोण! मघापासून एकदा तरी डाव्या हाताचा फटका मारलाय का त्यानं? आणि तो मिनामिदा बघ. दर वेळी त्याला उजव्या कुशीवर टाकतोय. सांभाळून. सगळं दिसतंय मला."

रघुवीरमामाला दिसत होतं की नाही देव जाणे. तो सोफ्याच्या टोकाशी बसून टीव्हीकडे डोळे फाडून बघत होता. इकडे लंडनमधल्या एजवेअरला शनिवारची सकाळ, तिकडे ओसाकाला संध्याकाळ. जपानी रेसलिंगची उन्हाळ्यातली मोठी टूर्नामेंट, आणि कुरोसे त्यात शेवटच्या वेळी उतरलेला. वय अठ्ठेचाळीस. निकाल आधीच ठरलेला असतो हे मामा-भाचीला पक्कं माहीत होतं. पण आपटणं तर खरंच असतं ना? मार्क त्याचे द्यायचे.

"म्हातारा संपला," तनू म्हणाली.

"तोंड सांभाळ गं. आणि तो खारीचा डबा उघड जरा."

"तुझ्या मांडीशी आहे डबा, मामा! महिनाभर बघतेय मी. बाटली उघड, डबा उघड, रिमोट दे. नुसता आळशी झालायस."

तिनं डबा उघडून त्याच्यापुढे आदळला. मामा हसला आणि डाव्या हातानं एक खारी उचलली.

सिक्स्थ फॉर्म, म्हणजे इथली अकरावी-बारावी, सोडल्यापासून तनूला जो भेटेल तो एकच विचारायचा, पुढे काय? मामा तेवढं विचारायचा नाही. तो विचारायचा, किती स्टार? म्हणून ती दर शनिवारी वेम्बलीहून बस पकडून इथे यायची.

रिंगमध्ये कुरोसे गुडघ्यावर आला होता. मिनामिदानं त्याला उचललं, आपटलं. रेफरीनं मॅटवर हात मारला, एक, दोन... कुरोसेनं खांदा उचलला. डावा. सगळं स्टेडियम ओरडलं. तनूही ओरडली आणि लगेच गप्प झाली, कारण खांदा उचलताना त्याचं तोंड कसं झालं ते तिला दिसलं होतं. ते नाटक नव्हतं. पुढच्या वेळी तीन मोजून झाले तरी खांदा उठला नाही. घंटा वाजली.

घंटेनंतर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. दोघांनी एक हात पाठीमागे घ्यायचा, एक-दोन-तीन म्हणायचं आणि एकदम बोटं वर. एक बोट एक स्टार. वाकडं बोट म्हणजे अर्धा. ती आठ वर्षांची असताना मामानंच बसवलेला. 'सरळ बोटानं तूप निघत नाही, वाकड्यानं अर्धा स्टार निघतो,' असं म्हणायचा.

"एक, दोन, तीन!"

तनूचा अख्खा पंजा वर गेला. पाच. आयुष्यात दुसऱ्यांदा दिले होते तिनं.

मामाच्या उजव्या हाताची तीन बोटं सरळ होती. चौथं वाकडं. करंगळी तळव्यात.

"साडेतीन?" ती ताडकन उठली. "साडेतीन? सीरियसली? तो माणूस तुटक्या खांद्यानं लढला तिथे! लहानपणापासून कुरोसे, कुरोसे करून माझं डोकं खाल्लंस, आणि आज शेवटच्या मॅचला साडेतीन देतोस? लाज नाही वाटत?"

मामा स्वतःच्या हाताकडे बघत होता.

"पाच दिलेत गं," तो म्हणाला. "मी पाचच दाखवतोय."

त्यानं बोटं ताणून बघितली. वाकडं होतं ते वाकडंच राहिलं.

तनू उभीच राहिली. तिची नजर डब्याकडे गेली, मग त्याच्या डाव्या हातातल्या अर्ध्या खारीकडे.

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. आधी करंगळी, मग ही. आता नेहमीच्या डॉक्टरनं, जीपीनं, पुढे मोठ्या हॉस्पिटलला पाठवलंय. तपासण्या चालू आहेत. तिथला डॉक्टर काही बोलत नाही, नुसता माझ्या खांद्याचे आपोआप उडणारे स्नायू बघत बसतो."

"मामीला माहितीये?"

मामानं नकारार्थी मान हलवली. "टूर्नामेंट संपू दे. मग सांगतो."

"टूर्नामेंट? मामा, तू काय..." ती खाली बसली. आज पहिल्यांदाच, त्याला चिकटून.

टीव्हीवर पुढची मॅच लागली. दोन धिप्पाड गडी एकमेकांना कवटाळून उभे होते, कोणीच कोणाला उचलेना. एरवी तनूनं शिव्या घातल्या असत्या. आज ती बघतही नव्हती. कशीबशी एकदाची घंटा वाजली, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चैत्रालीमामी, गळ्यात हेडफोन, हातात रिकामा मग.

"अरे वा, वेळेवर आले. चला, बोटं दाखवा!"

मामाचा हात पाठीमागे गेला. तनूनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"एक," मामी म्हणाली, "दोन... तीन!"

मामाचा हात सावकाश वर आला. तीन सरळ, एक वाकडं, करंगळी तळव्यात.

तनूनं आपला हात क्षणभर मागेच ठेवला. मग वर केला. तीन सरळ. एक वाकडं. करंगळी तळव्यात.

"बाई गं! तुमचं दोघांचं एकमत?" मामी हसली. "आज जुलैत बर्फ पडतोय बघा. एवढी भारी होती का मॅच?"

"भारी होती, मामी," तनू म्हणाली.

मामी चहाचा मग भरून घेऊन वर निघून गेली. वरचं दार लागलं.

मामाचा हात अजून वरच होता. तनूनं तो धरला आणि सांभाळून खाली आणला.